बसलिंगप्पाच्या वहाणा

रेणापूर,
७ मार्च १९८३

ती. सरजाआत्यास सिंधुचा लांबूनच पायावर सलाम (जवळ आले तर कान धरशील).

वि. वि. आम्ही समदे खुशाल, फक्त तहानलेले. पत्त्यावर उस्मानाबाद खोडून लातूर लिहीत जा, जिल्हा नवा झालाय. ढगांनाबी कुणी कळवलं न्हाई वाटतं, जुन्या पत्त्यावरच फिरून राहिलेत.

यंदा पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरआधीच्या उपवासकाळात जेवण सोडू नका, त्यापरीस रोज एक घागर दुसऱ्याच्या घरी वाहा, अन् कुणाला कळू देऊ नका. टँकर तीन दिवसांनी येतो, पण आपल्या वस्तीतल्या हापशाला अजून पाणी हाय. मंडळीतल्या बायांनी घरं वाटून घेतली. मी मागं बसून, प्रार्थनेत घोरणाऱ्या धोंडप्पाकाकांच्या मिशीला दोरा बांधत होते, म्हणून कुणालाच नको ते घर माझ्या वाट्याला आलं. वरच्या आळीतली नागम्मा. लिंगायताची विधवा, एकटी. लेक रत्नम्मा बिलोलीला दिलेली. आपल्यातलं कुणी अंगणात उभं राहिलं तर ही अंगण पुन्हा सारवती. आपल्या हातचं पाणी घ्यायची बातच सोड.

मग मी डोकं चालवलं. भर दुपारी ती दार लावून पडती, तवा दाराबाहेरच्या छपराखालचा तिचा रांजण भरायचा अन् पसार व्हायचं. तीन हप्ते झाले.

आता खरी गंमत ऐक. नागम्मा आळीभर सांगून राहिली म्हणे, की तिचा पोरगा बसलिंगप्पा पाणी आणून टाकतो. तो दोन सालाखाली विहिरीत सुरुंग उडून गेला. त्याच्या वहाणा तिनं अजून दाराशी भिंतीला टेकवून ठेवल्यात. मग मला काय राहवतंय? परवापासून रोज त्या उंबऱ्यापाशी लावते, रस्त्याकडं तोंड करून, म्हणजे कुणी आताच येऊन निघाल्यावानी. येशू तिसऱ्या दिवशी उठला, बसलिंगप्पाला आळस जादा, दोन साल लागले. रागावू नको.

ईस्टर झाला की तू लावून दिलेल्या दवाखान्याच्या कामावर तिकडं येतेच. तवर मामांना सलाम, अन् माझ्यावर माया राहू दे, कमी पडली तर उसनी आण.

तुझी,
सिंधु

◆

मुदखेड,
१४ मार्च १९८३

चि. सिंधुस सरजाआत्याचे आशीर्वाद, अन् दोन चापट्या आगाऊ.

मिशीचं वाचून तुझे मामा एवढे हसले की चहा नाकातून आला. पाणी वाहतीस हे वाचून माझा ऊर भरून आला. वहाणांचं वाचलं अन् भरलेला ऊर तिथंच थांबला.

पोरी, जित्या माणसाची कितीबी टिंगल कर, तो उलटून तुला शिवी तरी देईल. मेलेल्याची करू नको. त्या वहाणा होत्या तशा भिंतीला लाव, अन् हात जोडून सांगते, परत शिवू नको. दवाखान्यात मोठ्या बाईंना तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय, पोरगी कामाची हाय म्हणून. मला खोटं पाडू नको.

पत्र धाड. तुझी आठवण काढत नाही, ती आपोआप येती.

आत्या

◆

रेणापूर,
२४ मार्च १९८३

ती. सरजाआत्यास सिंधुचा सलाम.

तुझं पत्र हातात पडलं त्याच्या आदल्याच दिवशी व्हायचं ते होऊन गेलं. आज टिंगल न्हाई. नीट वाच.

दुपारी रांजणावर झाकण ठेवलं अन् बंद दाराच्या आतून आवाज आला. नागम्मा जागी होती. बसलिंगा म्हणून हाक मारली अन् बोलायलाच लागली. त्या दिवशी सुरुंगाची वात ओली हाय, आज उतरत न्हाई असं तो म्हणाला होता. हिनं चार मजुरांदेखत त्याला कामचोर म्हणलं अन् विहिरीत उतरवलं. हे तिनं रत्नम्मालाबी सांगितलेलं न्हाई. म्हणे, तू रोज पाणी देतोस पण घरात येत न्हाईस, वहाणा रस्त्याकडं करून निघून जातोस, म्हणजे तुझा राग गेला न्हाई. मी दार उघडणार न्हाई, बघणार न्हाई. माफ केलं असशील तर वहाणा घराकडं वळव.

आत्या, वहाणा रस्त्याकडं मी लावत होते. ती बाई रोज त्या बघून आत रडत होती, अन् मी हापशावर हसत होते.

पळून जायचं होतं, पण आत तिचं रडणं थांबेना. मी वाकले अन् वहाणा घराकडं वळवल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई बदललीच. दोन माणसांच्या भाकरी थापती, गुणगुणती. परवा रत्नम्मा तिला बिलोलीला न्यायला आली, तिकडं विहिरीला पाणी हाय. नागम्मा म्हणाली, पोरगा आता कुठं घरात आला, त्याला सोडून कशी येऊ. रत्नम्मा डोळे पुसत एकटीच गेली. ही टँकरच्या रांगेतबी जाईना, पोरगा आणतो म्हणती. मी दोन हप्त्यांनी निघाले की रांजण कोरडा. ती दाराआड वाट बघत बसंल, अन् कशी मरंल ते मला दिसून राहिलंय.

अजून एक. हापसा मारताना मागं कुणी उभं हाय असं वाटतं. वळून बघते तर नुसतं ऊन. काल आमच्या दारात माझ्याच चपला रस्त्याकडं तोंड करून दिसल्या अन् मी किंचाळले. मीच तशा काढल्या असतील. पण बसलिंगप्पाच विचारून राहिलाय असं वाटतं, की माझ्या नावानं माफी देणारी तू कोण.

लवकर लिही, माया असंल तर दोन ओळी तरी.

सिंधु

◆

मुदखेड,
२८ मार्च १९८३

चि. सिंधुस आशीर्वाद.

पाणी देणं तुझं काम होतं. माफी देणं बसलिंगप्पाचं होतं, न्हाईतर देवाचं. जा अन् तिला सांग. पाणी बाटवलंस म्हणून शिव्या देईल, त्या खा. आपली सेवा गोड लागली पाहिजे असं कुठंच ठरलेलं न्हाई.

तुला कधी सांगितलं न्हाई ते सांगते. बहात्तरच्या दुष्काळात छावणीवर एक म्हातारी माझ्या हातात गेली. शेवटी पोराला शोधत होती. मी तिचा हात धरून, मी आलो आई, म्हणाले. ती हसत गेली. लोकांनी मला चांगलं म्हणलं. पण आलास का, असं तिनं विचारलेलं मला अकरा सालं झाली ऐकू येतं. माझा आवाज तिला त्याचा वाटला, अन् तो पोरगा तिसऱ्या दिवशी छावणीवर पोचला. तिला खरं सांगायला मला वेळ उरला न्हाई. तुला हाय.

घाबरू नको. मी तुझ्यासाठी प्रार्थनेत गुडघ्यावर हाय.

आत्या

◆

रेणापूर,
४ एप्रिल १९८३

ती. सरजाआत्यास सिंधुचा सलाम.

शुक्रवारी दुपारच्या उपासनेतून मधेच उठले, हापशावर घागर भरली अन् नागम्माचं दार वाजवलं. घागर डोक्यावरच होती. समदं सांगितलं. तिनं शिवी दिली न्हाई. एकच विचारलं, वहाणाबी तूच वळवल्या का. व्हय म्हणाले. मग ती म्हणाली, होत्या तशा कर.

मी माझ्या हातानं त्या परत रस्त्याकडं वळवल्या. ती बघत होती.

मग तिनं एकटीनं रांजण आडवा केला. पाणी अंगणातून रस्त्यावर गेलं, आळी गोळा झाली. शेजारची गुरम्मा मला बोलायचं तेवढं बोलली. शनिवारी टँकर आला, नागम्मा उठली न्हाई. गुरम्मानं दिलेलं पाणीबी तिनं घेतलं न्हाई. मी शुक्रवारी सांजेला अन् शनिवारी घागर घेऊन अंगणाच्या कडेला उभी राहिले अन् भरलेलीच परत आणली.

काल ईस्टरच्या उपासनेनंतर परत गेले. ती ओट्यावर बसलेली, ओठ फुटलेले. तिनं हातानं बोलावलं अन् साऱ्या आळीसमोर ओंजळ पुढं केली. मी ओतत गेले, ती पीत गेली. गुरम्मानं दार लावून घेतलं. मग म्हणाली, रत्नम्माला निरोप धाड, गुरुवारी बिलोलीला जाते.

मला वाटलं सुटले. पण तिनं जाऊ दिलं न्हाई. म्हणाली, तू गावाच्या नकला करतीस, माझ्या बसलिंगाचीबी करायचीस, मला ठावं हाय. त्याच्या आवाजात एकदा सांग, त्यानं माफ केलं असतं का.

आत्या, मला त्याचा आवाज येतो. शब्द ओढून, जरासा नाकातून. सारं गाव फसायचं. तो गळ्यापर्यंत आला. एक शब्द बोलले असते तर तिला निवांत झोप लागली असती.

मी माझ्याच आवाजात सांगितलं, की मला ठाऊक न्हाई.

मी घागर खाली ठेवली अन् ओट्यावर तिच्या शेजारी बसले. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो. तिनं मला उठ म्हणलं न्हाई.

गुरुवारी तिला गाडीत बसवून शुक्रवारी तुझ्याकडं येते. थोडी जागा ठेव, घरात अन् मनात.

तुझी,
सिंधु