पेटीवरचं बेलपान

चि. मथुरा हिला गोदाताईचा आशीर्वाद. तुझे गुडघे तुझं ऐकतात ना? माझे ऐकत नाहीत, पण या वयात मीही कुणाचं ऐकत नाही, तेव्हा बरोबरी आहे. पत्र नातसून मृणाली लिहिते आहे. सांगेन ते सगळं उतरव म्हणून बजावलंय, पण मध्येच हसते आणि काय गाळते ते देवाला ठाऊक. (गाळलं नाही, असं म्हणते.)

आमचा नातू सर्वेश पायपांच्या सांध्यांचे फोटो काढायची पेटी घेऊन हिंडतो, ते तुला माहीत आहे. ती पेटी साधी नव्हे, हे मला मागाहून कळलं. आत करंगळीच्या पेराएवढा धातू. पण तो उघडा पडला तर माणसाला आतून भाजतो, आणि वाईट माणसाच्या हाती लागला तर बॉम्बात घालून गावाला घर सोडायला लावील. म्हणून सरकारचा कायदा असा, की पेटी घटकाभरही एकटी ठेवायची नाही. गाडी वाटेत कुठे थांबली तेसुद्धा मुंबईच्या कचेरीत बसल्या जागी दिसतं. (सुनांना कुणी इतकं जपत नाही, हे वाक्य मृणालीचं. राहू दे.)

गेल्या बुधवारी गाडी दारावरून चालली होती. सर्वेश पाणी प्यायला उतरला, जोडीदार दीपक गाडीतच बसला. आता चुलीवर बांगड्याचं तिखलं, आणि परक्याचा मुलगा दारात उपाशी? आपल्या आईने चालू दिलं असतं? तो म्हणतो, "आजी, मला गाडी सोडता येत नाही." म्हटलं, "गाडी काय रडणार आहे तुझ्यावाचून? ये मेल्या, हात धू." आला. दोघे जेवायला बसले, फोन गाडीतच.

मी दारापुढच्या खळ्यात आले तर गाडीतल्या मागच्या पेटीवर पिवळ्या रंगात काळी तीन पानं. मला अक्षर येत नाही गो, पण बेल ओळखता येतो! वाटलं, कुणी शंकर बसवलाय. तगरीची फुलं वाहिली, कुंकू लावलं आणि नारळ सोलायचा कोयता मांडीवर घेऊन तिथेच जप करत बसले.

इतक्यात पोलिसांची जीप. गाडी थांबलेली दिसली आणि फोन कुणी उचलेना, म्हणून मुंबईच्या कचेरीने कळवलं होतं. तिच्यातून असल्या पेट्या तपासणाऱ्या एक मॅडम उतरल्या, खेडकडच्या, हातात टिकटिकणारं यंत्र. यंत्राने पेटी ठीक आहे म्हणून सांगितलं, मॅडमनी नाही. "पेटीजवळ कोण होतं?" म्हटलं, "मी. अर्धा तास हललेली नाही." त्या जवळ आल्या. "आजी, हाताला बांगड्याचा वास येतोय. शंकराला चालतो?"

"बाय, देव आमचा किनाऱ्यावरचा आहे."

पोलीस हसला, मॅडम हसल्या नाहीत. जबाब लिहून त्यावर माझा अंगठा घेतला. तेव्हापासून सर्वेश घरी बसून आहे. पेटी एकटी होती असं ठरलं तर त्याचा परवाना जाईल, आणि पोराला दुसरं काम येत नाही.

बाकी फणस चांगले धरलेत. सर्वांना आशीर्वाद.

तुझी ताई

ता. क. मॅडम सोमवारी परत येणार आहेत. तू रविवारच्या एसटीने ये. विचारलं तर सांग, ताई लहानपणापासून तीन पानं दिसली की हात जोडते. आणि चौथी पास आहेस हे तेवढा वेळ गिळून ठेव. नाहीतर मॅडमच्या गाडीवरची पाटीच मोठ्याने वाचशील!

आणखी ता. क. तुला फसवत नाही. ती तीन पानं म्हणजे बेल नव्हे, धोक्याची खूण, हे सर्वेशने मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. जीप वळणावर दिसली तेव्हा मी भात वाढत होते. तगर ओरबाडून अशी धावले, की गुडघे अजून बोलत नाहीत. पेटी अर्धा तास एकटीच होती, माझ्यामुळे. कायद्याचं काही चुकलं नाही, माझ्या वाढण्याचं चुकलं. पण शिक्षा पोराला नको.

ता. क. (मृणालीचा.) मथुराआजी, हे मी आजींना वाचून दाखवलेलं नाही. सर्वेश कालच जाऊन सगळं खरं लिहून देऊन आले. परवाना गेला नाही, पण तीन महिने पेटीला हात लावायचा नाही. मॅडम सोमवारी येतायत त्या फक्त आजींना समजावायला, की पुढच्या वेळी ताट गाडीत नेऊन द्या. तुम्ही मात्र नक्की या, आणि आजींना यातलं काही बोलू नका. सोमवारच्या तयारीसाठी त्यांनी घरातले बांगडे बंद केलेत, आणि आज सकाळपासून शंकराचा जप माझ्याकडून शिकून पाठ करतायत.