डॉरोथीचा खोकला

६ जानेवारी १९८६, सोमवार. बोरिवली.
डॉरोथी आज दोनदा खोकली. कॉलनीमागे जनावरं सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या आवारात चितळं आहेत, त्यातली ही मादी. माझ्या हातचं खाते, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. हरणांना माणसांचा टीबी लागतो, हे मी वाचलंय. तो माणूस कोण, हेही उघड आहे: तिथला राखणदार धोंडू. सतत बिडी, सतत खोकला. संकल्प: धोंडूला हटवणे.
माझ्या घशाचं वेगळं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस सांगायच्या, लेडी खोकत नाही, घसा साफ करते.

९ जानेवारी.
ट्रस्टच्या सेक्रेटरीला अस्खलित इंग्रजीत झापलं. त्याने पाणी मागवलं. माझ्यासाठी. घसा साफ करताना वाक्य अडकलं होतं.
धोंडू म्हणतो, माका कायएक झाला नाय, ह्यो बिडयेचो खोकलो. बाई, तुमचोच जरा बघा. उद्धट! मुख्याध्यापिका होते तेव्हा असल्यांना बाकावर उभं करत असे.
डॉरोथीला पेरू दिला. नेहमीप्रमाणे आधी चावून बघितला. किडका निघाला तर? शेजारची सुलक्षणा म्हणाली, अहो मावशी, मुक्या जनावराला उष्टं कसलं देता? आणि किती वाळलात! कॉम्प्लिमेंटबद्दल थँक्यू म्हटलं.

१४ जानेवारी. संक्रांत.
सेक्रेटरीने काढायला लावलेला धोंडूचा एक्स-रे स्वच्छ. एवढी स्वच्छ छाती बिडीवाल्याची असूच शकत नाही. प्लेट बदलली असणार. त्याला तिळगूळ दिला नाही. गोड बोलायचा प्रश्नच नव्हता.

१७ जानेवारी.
पशुवैद्य डॉ. साटम आले. सगळ्या हरणांच्या मानेत सुई टोचली. तीन दिवसांनी तिथे गाठ आली तर टीबी. डॉरोथीला आली तर? म्हणाले, मारावं लागेल, बाकीच्यांना वाचवायला. मी तिथेच कठड्यावर बसले.
मग त्यांनी विचारलं, हिला हाताने कोण भरवतं? मी अभिमानाने हात वर केला. म्हणाले, मग तुम्हीही एक्स-रे काढा. ताबडतोब काढला. धोंडूसारख्यांपुढे आदर्श हवा.
रात्री उशी घामाने चिंब. जानेवारीत हा उकाडा! लोक झाडं तोडतात, दुसरं काय.

२० जानेवारी.
गाठ नाही! एकाही मानेवर नाही. डॉरोथी वाचली. खोकला पेंढ्याच्या धुळीचा होता म्हणे. आनंदाने ओरडले, आणि मग बराच वेळ घसा साफ केला. डॉ. साटम दोन पावलं मागे सरले. शिष्टाचार म्हणून काही उरलाच नाही.

२२ जानेवारी.
टीबी. मला.
धोंडूचाच, असं डॉक्टरांना ठणकावलं. ते म्हणाले, त्याला नाहीच, तर तो देईल कुठून? औषधांनी बऱ्या व्हाल, पण तोवर घरात बसा. माणसांपासून लांब. डॉ. साटमांचा वेगळा निरोप: हरणांपासून त्याहून लांब. यापुढे त्यांना हाताने भरवायचं नाही, बरी झाल्यावरसुद्धा.
हरणांना काय भरवत होता, असं डॉक्टरांनी विचारलं. पेरू, म्हटलं. उष्ट्याचं सांगितलं नाही.

२५ जानेवारी.
धोंडू आला. मी जाळीचं दार उघडायला गेले तर ओरडला, बाई, थयच रवा, दार उघडू नकात! मग जाळीतून एक पेरू आत सरकवला आणि जीभ टाळूला लावून टक्-टक् केलं. आवारात हरणांना बोलावताना करतो तसंच. म्हणाला, तुमची डोरथी बरी आसा.
मी जाळीशी गेले. पेरू घेतला. तो बघत असतानाच खाल्ला.
उद्यापासून वेळेवर यायला बजावलंय.