पलीकडचे डोंगर

सर, तुम्ही एकदा मला म्हणाला होतात, ‘तुला पाहता येतं.’ एवढंच. मग तुम्ही स्टोव्हला पंप मारू लागलात. मी तेव्हा नववीत होते. आता साठी ओलांडली आहे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आहे, आणि ते वाक्य मी कोणाला सांगितलेलं नाही. शाळेत मुलांची चित्रं तपासताना, साडी निवडताना, कोणाचा चेहरा उतरलेला आहे हे घरात सगळ्यांच्या आधी ओळखताना ते माझ्याजवळ असायचं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा वाटलं की ते खरं नसावं. त्याबद्दल विचारता येईल असं दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी एका कॉलेजचा कलास्वादाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करते आहे. मुलानं माझ्या मोबाइलवर नाव नोंदवून दिलं. त्याला वाटतं, मी रिकामी बसले की आजारी पडेन. लग्नानंतर मी सडक अर्जुनीला आले ती इथलीच झाले. घरात नेटवर्क नीट येत नाही, म्हणून वर्गाच्या वेळी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसते. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, ‘काकू, तुमच्या मागे ट्रक सुरू आहे का?’ मी म्हटलं, ‘मागे रायपूरचा हायवे आहे. तो बंद नाही करता येत.’ सगळे हसले. वर्गात बहुतेक माझ्या मुलापेक्षा लहान आहेत. मॅडम पडद्यावर एक चित्र आणतात आणि गप्प होतात. चित्राचं नाव सांगत नाहीत, कोणी काढलं ते सांगत नाहीत. म्हणतात, दिसतं ते आधी सांगा, वाटतं ते नंतर. मला हे सोपं जातं. डावीकडच्या बाईचा एक पाय अनवाणी आहे, टेबलावरची सुरी कडेबाहेर आली आहे, असं मी सांगते. मॅडम म्हणतात, काकूंचं बघा. तेव्हा मला तुमची आठवण येते, आणि तुम्ही याच्या अगदी उलट शिकवायचा हेही आठवतं.

तुम्ही आम्हाला ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवलं होतं. तेव्हा आपला जिल्हा भंडाराच होता, आणि परीक्षेला बाहेरगावी जायचं म्हणून आम्ही मुली खूश होतो. स्मरणचित्रासाठी तुम्ही फळ्यावर एक चित्र काढून दिलंत: विहीर, दोन बायका, कौलारू घर, आणि घरामागे वाकलेले नारळ. ते रोज गिरवायचं. आमच्यापैकी एकीनंही उभा नारळ पाहिलेला नव्हता. नारळ आम्हाला ठाऊक होता तो देवापुढचा, शेंडी असलेला. एके दिवशी मी विहिरीऐवजी तलावाची पाळ काढली आणि नारळाच्या जागी मोहाचं झाड काढलं. तुम्ही वही उचललीत.

‘नारळ कुठे आहेत?’

‘सर, आमच्याकडं नसते.’

‘परीक्षकाकडे असतात. स्मरणचित्र म्हणजे आठवतं ते नव्हे. पाठ आहे ते.’

वर्ग हसला. मी मोह खोडला. कागदाला भोक पडलं. तो राग बरेच दिवस राहिला, पण तुम्ही नारळ किती भरभर काढायचा ते मी पाहत असे. विहिरीला तुम्हाला वेळ लागे, बायकांना लागे. नारळाला लागत नसे. खडू खालून वर एकदा जाई, झाड वाऱ्याच्या दिशेनं वाकलेलं असे, आणि तुम्ही फळ्याकडे न पाहताच झावळ्या ओढत असा.

आमच्या गावात तुम्ही परके होता. समुद्राकडून आलेला माणूस, एवढंच गावाला माहीत. संध्याकाळी तुम्ही गावाजवळच्या चोरखमारा तलावाच्या पाळीवर जाऊन उभे राहायचा. एक हात आडवा, तळवा खाली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. बराच वेळ. गुरं घेऊन परतणारे लोक पाहत. गावातली पोरं म्हणत, ‘मास्तर तलावाले आशीर्वाद देऊन राह्यला.’ एकदा माझ्या बाबांनी विचारलंसुद्धा, ‘गुरुजी, काय मोजता जी?’ तुम्ही म्हणालात, ‘काही नाही, ऊन लागतं.’ बाबा घरी येऊन आईला म्हणाले, ‘सूर्य मागं, आन् ऊन समोरून लागते म्हंते!’ आई म्हणाली, ‘एकटा रायते बिचारा. लागत असन.’

नवा तांदूळ निघाला की शिक्षकांच्या घरी पायलीभर पोचवायची आमच्याकडे रीत होती. त्या वर्षी बाबांनी मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही शाळेमागच्या खोलीत राहायचा. मी दारात उभी आहे. आत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला दोरीवर वाळत घातलेला पंचा. तव्यावर काहीतरी सुकं भाजलं जातं आहे आणि खोलीभर त्याचा उग्र वास. नाकाला लावायला माझ्याकडे पदर नव्हता, म्हणून मी श्वास धरला. तुम्ही पाहिलंत. ‘सुकट आहे. घरून आणतो. तुमच्या तलावातल्या माशांना मातीचा वास येतो.’ मी म्हटलं, ‘मातीतच राहते जी ते.’ तुम्ही हसलात. मी तुम्हाला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तांदूळ डब्यात ओतायला तुम्ही वळलात आणि खाटेवर पुठ्ठ्याला चिकटवलेलं ते चित्र मला दिसलं. पाण्याच्या रंगातलं, पाटीएवढं. खाली ओली जमीन, तिच्यावर कलंडलेली एक होडी, होडीत उभा बांबू, मागे पाणी, आणि पाण्यावर काहीच नाही.

मी म्हटलं, ‘सर, हा चोरखमारा व्हय ना?’

तुम्ही डबा हातात धरून थांबलात. ‘कशावरून?’

‘पानी उतरलं ना जी. डोंगा कलंडला. मासे धरून ढिवर बांबू तसाच ठेवून घरी गेला.’ मग मी जवळ जाऊन पाहिलं. ‘पलीकडले डोंगर काढाचे राह्यले, सर.’

तुम्ही चित्राकडे पाहत राहिलात. म्हणालात, ‘हो. राहिले.’ आणि मग ते वाक्य, ‘तुला पाहता येतं.’

बदली झाली तेव्हा तुम्ही ते चित्र मला दिलंत. वर्गासमोर नाही, सामान बांधताना. डोंगर तेव्हाही काढलेले नव्हते. मला वाटलं, वेळ मिळाला नसेल. तीनचार वर्षांनी हेडमास्तरांना कुठूनतरी कळलं की तुम्ही वारलात. मी चित्राला काच लावून घेतली. माहेरून सासरी ते माझ्याबरोबर आलं, आणि आमच्या घरात त्याचं नाव चोरखमारा. ‘चोरखमाऱ्याच्या खालच्या खणात चाव्या आहेत,’ असं आम्ही म्हणतो. कपाटाच्या वर, इतकं उंच की वर्षातून एकदा दिवाळीला खाली येतं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी एक निबंध आहे. घरात असलेलं एखादं चित्र घ्या, काही दिवस रोज पाहा, लिहा. निबंध आधी वर्गातल्याच दुसऱ्या कोणीतरी वाचायचा, मत द्यायचं, मग आपण तो सुधारून मॅडमना द्यायचा. मी चोरखमारा खाली काढला. चांगलं लिहिलं, असं मला वाटलं. उन्हाळा आहे, धानाला पाणी सोडल्यामुळे तलाव खाली गेला आहे, जमिनीवर ओलीचा गडद पट्टा आहे, डोंगा मृगापर्यंत असाच पडून राहील, असं लिहिलं. डोंगर अपुरे राहिले हेही लिहिलं. माझा निबंध कोकणातल्या एका मुलीकडे गेला. तिनं लिहिलं: ‘काकू, वर्णन फार आवडलं. पण हा तलाव नसावा. ही ओहोटी आहे. आमच्याकडे होड्या रोज अशा कलंडतात आणि रोज तरंगतात. तो बांबू नाही, डोलकाठी आहे. आणि पलीकडे काही काढायचं राहिलेलं नाही. पलीकडे काही नसतंच.’

मी गच्चीवरून खाली आले, चित्र पलंगावर ठेवलं आणि पाहिलं. ती म्हणते तसंच होतं. इतकी वर्षं काचेमागे तसंच होतं. चिखल नव्हता, रेती होती. पाण्याच्या कडेला बारीक पांढरी रेघ होती. ती म्हणजे कोरा राहिलेला कागद, असं मी समजत आले होते.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. चोरखमाऱ्याच्या कालव्याचं पाणी सोडायचं काम त्यांनी नोकरीभर केलं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘कोन म्हंते समुद्र?’

‘कोकणातली एक पोरगी.’

‘तिनं पायला काय चोरखमारा?’

‘नाही.’

‘मंग? समुद्र असन त आपल्या घरी कायले येईन?’ आणि ते चहा घेऊन अंगणात गेले.

मी मात्र तिथंच बसले. सर, मला पाहता येतं असं तुम्ही ज्या दिवशी म्हणालात, त्या दिवशी मी तुमच्या खोलीत उभी राहून तुमच्या समुद्राला आमचा तलाव म्हटलं होतं. त्यात डोंगर राहिले म्हणून चूकही काढली होती. मग तुम्ही ‘हो’ कशाला म्हणालात? तांदूळ घेऊन आलेल्या पोरीचं मन राखलंत? की गावात कोणीतरी चित्राजवळ गेलं एवढ्यानंच तुम्हाला पुरलं? माणसं एकटी असली की काहीही कौतुकानं बोलतात, हे मला आता माहीत आहे. मीही शाळेत बोलले आहे. एखाद्या पोरानं लिहिलेल्या पाढ्याला ‘शाब्बास’ म्हणताना माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

निबंध सुधारायला थोडे दिवस होते. मी ह्यांना म्हटलं, मले चोरखमाऱ्याले घेऊन चला. ते म्हणाले, ‘कपाटावर हाये त.’ पण नेलं. मोटारसायकलवर, दुपार कलल्यावर. वैशाखातलं पाणी खूप आत गेलेलं. काठाचा चिखल भेगाळलेला, आणि तीन डोंगे कलंडलेले, मी निबंधात लिहिले होते तसेच. पलीकडे डोंगर. मी पाळीवर तुम्ही उभे राहायचा तिथं उभी राहिले. सूर्य पाठीमागे होता. मला काय करायचं होतं ते ठाऊक नव्हतं. हात आडवा केला, तळवा खाली, आणि तो डोळ्यांजवळ आणत गेले. एका जागी डोंगर गेले. हाताच्या कडेखाली नुसतं पाणी उरलं, इकडून तिकडे सरळ, आणि अलीकडे ओल्या जमिनीवर डोंगा.

जाळं निवडत बसलेला एक ढिवर वर पाहून म्हणाला, ‘काय करून राहिल्या बाई?’

मी म्हटलं, ‘डोंगर झाकून राहिली.’

‘झाका,’ तो म्हणाला, ‘जाते कुठं ते?’

ह्यांना हसू आलं. मी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला. बऱ्याचदा केलं. तुम्ही ऊन लागतं म्हणालात ते आठवलं. तुम्ही रोज इथं येऊन आमच्या डोंगरांचं काय करत होता ते मला कळलं, किंवा कळलं असं वाटलं. ते चित्र तुम्ही खोलीत बसून आठवून काढलंत, की इथं उभं राहून, हे मात्र मला सांगता येत नाही. दोन्ही वेळी नजरेसमोर होडी तीच, उतरलेलं पाणी तेच. दिसतं ते मी बरोबर सांगितलं होतं. नाव माझ्या गावाचं दिलं. फळ्यावरच्या विहिरीला तुम्ही तुमच्या गावाचे नारळ दिले होतेत, तसंच. त्या दिवशी मी मोह खोडला, आणि तुम्ही पुढे कधीतरी डोंगर राहिले असं कबूल केलंत. कोणाचं स्मरण कोणी पाठ केलं, याचा हिशोब मी आता लावत नाही.

निबंधातून मी तलावाचं नाव काढलं. उन्हाळा काढला, धान काढलं. निबंध अर्धा झाला. पाणी उतरलं आहे, होडी कलंडली आहे, पलीकडे कोणीतरी जाणूनबुजून काही ठेवलेलं नाही, एवढं राहिलं. मॅडमचं मत अजून यायचं आहे. काल ह्यांनी स्टुलावर चढून चित्र परत टांगलं. खाली न पाहता विचारलं, ‘चोरखमारा सीधा हाये काय, पाय.’ मी पाहिलं. म्हटलं, ‘पानी सरळ हाये. राहू द्या.’

त्या मुलीनं मला तिच्या गावी बोलावलं आहे. काकू, या, ओहोटीच्या वेळेला या, असं लिहिलं आहे. तुमचंही गाव त्याच बाजूला कुठेतरी असेल. कोणतं, ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही असतात तरी या कागदावर पत्ता लिहिता आला नसता. तिला मी ‘पाहू’ असं उत्तर दिलं. मुलगा म्हणतो, तिकीट काढतो, तुझे गुडघे दुखतात का? गुडघे दुखतात, असं मी त्याला सांगितलं आहे. ते तितकेसे दुखत नाहीत. सर, मी अजून समुद्र पाहिलेला नाही, आणि मला भीती वाटते की तिथं पोचल्यावर सगळ्यांत आधी मी पलीकडचे डोंगर शोधीन.