खाचेची पक्कड

सीताबर्डी, नागपूर
३० ऑक्टोबर १९७४

ती. स्व. दादांस,
केशवचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पेटी काल बसच्या कंडक्टरकडून मिळाली. कुलूप शाबूत, वर हळदकुंकू, आत झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याला पूजलेले हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचे नाही हा आपल्या घरचा नेम, म्हणून पेटी भिवापूरला तुमच्या भरवशावर ठेवून आलो. उघडून पाहिली तर माझीच हत्यारे मला ओळखू येईनात.

दादा, टाइपरायटरच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढायचे माझे तारेचे नऊ आकडे होते. नऊही आता सुयांसारखे सरळ आहेत! ते वाकडे नव्हते हो, वाकवलेले होते. प्रत्येकाचा बाक वेगळा, कारण प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कोपऱ्यात बसते. आणि ती पक्कड! तिच्या जबड्याला खाच होती, अक्षराची दांडी त्या खाचेत धरून वाकवायची असते. माझ्या उस्तादांनी मला ती हातात दिली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. तिचा जबडा कोणी घासून सपाट केला?

टायपिंगची परीक्षा पंचवीस नोव्हेंबरला आहे. संस्थेची चौदा यंत्रे मला तयार करून द्यायची आहेत आणि त्यातल्याच एका यंत्रावर आपली शामला बसणार आहे. तुमच्याच लेकीची परीक्षा, दादा. डोके भणभणले आहे, जास्त लिहीत नाही.

सौ. वहिनींना नमस्कार. रागावलो तरी धाकटाच आहे, माया पातळ करू नये.
आपला,
केशव

भिवापूर
४ नोव्हेंबर १९७४

चि. केशवास,
बाबारावाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले, मग तुझ्या वहिनीने वाचले आणि ती माझ्यावर उखडली. म्हणाली, की भाऊजीच्या पेटीले हात लावाले तुमाले कोनं सांगतलं होतं.

कोणी सांगितले नव्हते. पूजेला सगळी हत्यारे पाटावर मांडली. आपले विळे, कुऱ्हाड, वखराची पास कशी लखलखीत, आणि मधे तुझे ते वाकडेतिकडे तारांचे तुकडे. शेजारचे महादेवराव पानसुपारीला आले होते. त्यांनी चारचौघांत विचारले, की केशवचं नागपुरात बरं चालून राहिलं ना गा. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वाटले, पोराचे हाल आहेत, मोडकी हत्यारे वापरून राहिला आणि मोठ्या भावाला कळवत नाही. तू लहानपणापासून असाच, चप्पल तुटली तरी सांगायचा नाहीस. म्हणून दुसऱ्या दिवशी लोहाराकडे घेऊन गेलो. पक्कड झिजली आहे असे तोच म्हणाला. दोन तास समोर बसून सगळे नीट करून घेतले आणि खुशीत घरी आलो.

आता लोहार म्हणतो, परत वाकवून देतो, फक्त कोणता किती ते कळवावे. कळव, मी जातीने उभा राहीन. शामलाला म्हणावे अभ्यास कर. वहिनीने मिरच्या निवडून ठेवल्या आहेत, तेवढ्या तरी राग न धरता घे.
जीव लावून आहेस तसाच राहा.
तुझा,
दादा

सीताबर्डी, नागपूर
१७ नोव्हेंबर १९७४

ती. स्व. दादांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

कोणता किती ते मलाच सांगता येत नाही, लोहाराला काय कळवू? ते हाताला ठाऊक होते. तुमच्या पत्रावर दोन उत्तरे लिहिली आणि दोन्ही फाडली. माझे हाल नाहीत, दादा. एवढे विचारायला दोन ओळींचे कार्ड पुरले असते!

सायकलच्या तारा वाकवून नवे आकडे केले, बोटे सोलून निघाली. तेरा यंत्रे तयार आहेत. चौदाव्यात ए अक्षराची दांडी वाकडी होती. सपाट पकडीत धरली तर ती चेपली, आता वर जाते आणि तिथेच अडकून बसते. कानस घेऊन नवी खाच पाडायला गेलो तर जबड्याचा टवका उडाला. संस्थेचे मधुकरराव सर म्हणतात, यंत्रे चिठ्ठ्या टाकून वाटू, ज्याचे नशीब. उरलेल्या आठ दिवसांत खटपट करतोच. शामलाचा हात मात्र सुरेख चालतो.

मिरच्या पोचल्या. ओढ कमी झाली नाही, एवढे समजून घ्यावे.
आपला,
केशव

सीताबर्डी, नागपूर
३० नोव्हेंबर १९७४

ती. बाबांस,
शामलाचा सा. न.

पेपर कसा गेला म्हणून विचारलेत. मी नापास होणार आहे. निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही.

बाबा, चौदावे यंत्र शेवटपर्यंत सुधारले नाही. काका सकाळ-संध्याकाळ त्यावर वाकलेले असायचे, जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. ते दुसऱ्या कोणाला गेले असते तर त्या मुलीचे वडील काकांच्या दारात आले असते आणि साऱ्या सीताबर्डीत त्यांचे नाव खराब झाले असते. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या आधीच मी सरांकडून ते मागून घेतले. काकांना सांगितले की चिठ्ठीत निघाले.

इंग्रजीत ए किती वेळा येतो ते मला त्या दिवशी कळले. दर वेळी बोटाने दांडी खाली पाडायची आणि पुढे जायचे. निम्मा उतारा राहिला. बोट शाईने काळे झाले होते, ते घरी यायच्या आत नळावर घासून धुतले. काकांना म्हटले, तुमच्या शेवटच्या खटपटीने दांडी सुटली, यंत्र छान चालले, मीच घाबरले. ते इतके सुटल्यासारखे हसले, बाबा! मग जवळ बसवून म्हणाले, की घाबराचं काय त्यात वं, पुढच्या बारी होईल.

मला तुमचा राग आला आहे. खूप आला आहे. तुम्ही मायेने केले हे कळते, म्हणून तो कोणावर काढताही येत नाही. मी पुन्हा बसेन, त्याची काळजी नको.

फक्त एक करा. काकांना पत्र लिहाल त्यात मला रागवा. घाबरट म्हणा, वर्ष वाया घालवले म्हणा, चांगल्या चार ओळी खरमरीत लिहा. तुम्ही रागावला नाहीत तर त्यांना खरे काय ते लगेच कळेल.

आईला नमस्कार. मी आहे तशीच तुमची आहे, विसरू नये.
आपली,
शामला