शैलाची सीट

रविवार, ९ फेब्रुवारी. संध्याकाळ.

शेवटी आज गाडीचं ऑइल बदललं. मल्लिनाथ मेकॅनिक घरीच आला होता.

गाडी शैलाची. मंद्रूपच्या शाळेत शिकवायला ती रोज हिच्यातूनच जायची. ती गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, मी दर रविवारी गाडी जागेवरच सुरू करतो, थोडा वेळ बसतो, बंद करतो. ती ठेंगणी, त्यामुळे सीट पार पुढे. माझे गुडघे स्टिअरिंगखाली टेकतात. मागे सरकवावी असं कधी वाटलं नाही.

मल्लिनाथला म्हटलं, गाडी पळालीच नाही, तर ऑइल कशाला बदलायचं?

"पळू द्या न्हायतर उभी राहू द्या सर, वर्षाला बदलायचंच की. आन् तुमी जागेवरच चालू-बंद करताव, इंजिन तापतच न्हाय. त्यानं तर लई लवकर खराब हुतंय. मॅडम कशा पळवायच्या! थांबा, आधी एक चक्कर मारून तापवून आणतो."

मी चहा टाकायला आत गेलो. वर्षभर मी गाडी जपत होतो की नासवत होतो?

तो चक्कर मारून आला, इंजिनखाली डबा धरला. काळं ऑइल उतरत राहिलं. तिच्या हातचं शेवटचं. बघवेना.

तो गेल्यावर सवयीने गाडीत जाऊन बसलो. गुडघे कुठेच टेकले नाहीत.

सीट पुढे ओढली. एक खाच, आणखी एक. पुन्हा मागे. तिची खाच कोणती? गुडघे टेकतात, पण किती टेकायचे ते आठवत नाही.