अंत्यदर्शन इथेच घ्या

बाबा, या आठवड्यात मी तुमच्यावर लिहिलं. नाव कुठे नाही, पण लिहिलं तुमच्यावरच. दुबईत वारलेल्या माणसाला भारतात पोचवणारी एक कंपनी आहे, तिच्या वेबसाइटचं मराठी पान माझ्या वाट्याला आलं. असली पानं लिहिणं हाच माझा धंदा. लोक इंटरनेटवर काय शोधतात ते बघायचं, मुख्य शब्दाच्या आसपासचे शब्द निवडायचे आणि वाचणाऱ्याला कळणार नाही असे मजकुरात पेरायचे. या वेळचे शब्द होते एम्बामिंग, म्हणजे शव टिकवायची प्रक्रिया, शवपेटी, मृत्यूचा दाखला, एअर कार्गो. ‘‘ठूंसना नहीं, नॅचरल लगना चाहिए,’’ मॅनेजर म्हणाले. माणसाच्या शेजारी कार्गो हा शब्द नॅचरल कसा बसवायचा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शब्द कोंबायची खोड माझी लहानपणापासूनची. दुबईतल्या अल कुसैसच्या त्या खोलीत, किचनच्या ओट्याला टेकून तुम्ही माझा निबंध वाचताय. स्पेअर पार्ट्सच्या गोदामातून आत्ताच आलात, हातांना ग्रीसचा वास आहे. आई पोळ्या लाटतेय. प्रत्येक ओळीत मी ‘सुंदर’ लिहून ठेवलंय. ‘‘हे तू मला काही सांगतेयस की नुसतं पान भरतेयस?’’ तुमच्या त्या प्रश्नानं मी रडले. तुम्ही तव्यावरची गरम पोळी तूप लावून माझ्या हातात दिलीत, पण निबंध पुन्हा लिहायला लावलातच.

मी अकरावीत असताना तुम्ही त्याच गोदामात कोसळलात. कागदपत्रांची सगळी धावपळ तुमच्या मित्रांनी केली. आई आणि मी शवागाराबाहेर बाकावर बसून होतो. आतून एकजण आला आणि म्हणाला, ‘‘भाभी, अंदर आके देखना है?’’ आईनं नको म्हणून मान हलवली. गावी तुमची भावंडं वाट बघत होती, दर्शन घरीच घेऊ, सगळ्यांबरोबर, असं तिच्या मनात. आपल्याकडे असंच असतं ना. आतली पत्र्याची पेटी झाळून बंद करतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. गावी अंगणात पेटी ठेवली आणि काका म्हणाले, आता उघडायची नाही. आईनं हार हातात घेतला. ‘‘डोकं कुठल्या बाजूला आहे?’’ तिनं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी तिनं तो हार मधोमध ठेवला. त्यानंतर ती जाईपर्यंत तिनं हा विषय काढला नाही.

म्हणून त्या पानात मी एक ओळ लिहिली. पेटी बंद झाली की बहुतेक वेळा पुन्हा उघडत नाहीत, तेव्हा अंत्यदर्शन इथेच घ्या, घरी पोचायची वाट बघू नका. अंत्यदर्शन हा शब्द लोक शोधतातही, म्हणजे धंद्याच्या दृष्टीनंही ओळ चुकीची नव्हती. मॅनेजरांनी अर्थ विचारला, मी सांगितला.

‘‘हबीबी, यह लाइन निकालो. क्लायंट को कम्फर्ट चाहिए, डर नहीं.’’

‘‘सर, काम की यही एक लाइन है. बाकी सब कीवर्ड है.’’

‘‘ठीक है, पूछता हूँ. इन्शाल्ला.’’

ओळ जाणार, हे मला तेव्हाच कळलं. आज पान झळकलं. शब्द त्यांनी ठेवला, ओळ काढली. ‘अंत्यदर्शनापासून एअर कार्गोपर्यंत सन्मानपूर्वक सेवा.’ किती सहज बसलाय बघा शब्द! माझं डोकं सणकलं, बाबा. उद्या त्याच बाकावर बसून कुणी बाई मोबाइलवर हे वाचेल आणि नको म्हणून मान हलवेल.

तुम्हाला हे लिहिताना लेक मागून डोकावली. ‘‘ममा, इज दिस फॉर आजोबा? व्हॉट डिड ही लुक लाइक?’’

‘‘माझ्यासारखे,’’ मी म्हटलं.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते. आठवायला बसले की मला तुमचा पासपोर्टवरचाच चेहरा दिसतो. दुसरा कुठलाच येत नाही.