एक कीपर देऊन एक डावखुरा

२ सप्टेंबर २००५, शुक्रवार

गावाकडची सुट्टी संपवून आखातात परतल्यावरची पहिली प्रॅक्टिस. वक्रा रोडचं ग्राउंड, पहाटे साडेपाच. मॅट अंथरून खिळे ठोकेपर्यंतच शर्ट पिळून काढावा इतका घाम. नाशिकहून आणलेला चिवडा ग्राउंडवरच फस्त. सुनंदा रागावली, ऋचाच्या डब्यासाठी ठेवला होता म्हणे.

बोलणं सगळं अदलाबदलीचं. येत्या गुरुवारी मुदत. लीग सुरू व्हायच्या आधी प्रत्येक कॅप्टनला दोन खेळाडू बदलता येतात, आणि खेळाडूला विचारायचं नाही, असा नियम. नियम माझाच. आमच्या मन्सूरा भागातल्या हॉटेलात लीगच्या मीटिंगला मीच मांडला होता. विचारलं की लोक रुसतात, फोन उचलत नाहीत.

मुदत संपली की माझी मेल जाते: कोण नफ्यात, कोण तोट्यात. सगळ्या टीम वाचतात. मागच्या वर्षी एका केरळी कॅप्टनने तिचा प्रिंट काढून ऑफिसात लावला. जरा मिरवलो, खोटं कशाला बोलू.

६ सप्टें., मंगळवार

ऑफिसात शिरीषचा फोन. आमच्या मन्सूरा इलेव्हनचा कॅप्टन, पण त्याआधी रूममेट. एकाच विमानाने आलो इथे, लग्नं होईपर्यंतची वर्षं एका खोलीत काढली. "विन्या, वसईवाले त्यांचा डावखुरा फास्ट बोलर द्यायला तयार आहेत. बदल्यात कीपर मागतायत. काय करू?"

तो पोरगा म्हणजे सोनं. म्हटलं, "डोळे झाकून दे."

शि. म्हणाला, "बघ हं. तूच म्हणतोयस."

बिचारा प्रसाद. आमचा दुसरा कीपर, पोट सुटलंय पण मन लावून खेळतो. त्याला एकदा जेवायला बोलवायला हवं. मेलची पहिली ओळ मात्र तयार: मन्सूरा इलेव्हन, रोख नफा. वसई बॉईजना कीपर मिळाला, पण काय भावाने.

८ सप्टें., गुरुवार

संध्याकाळी शि. घरी, न कळवता. तासभर बसला. शाळेची बस, विमानाची तिकिटं, कुठलं काय. चहा प्यायला, उठून गेला.

सुनंदा: "शिरीषभावजींचं काहीतरी बिनसलंय. साखर घालायची विसरले मी, तसाच प्यायले."

"भांडला असेल घरी."

थोड्या वेळाने मोबाइलवर मेसेज. वसई बॉईजचा कॅप्टन इनास, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतो. वेलकम भाऊ, आमच्या टीममध्ये तुमचं स्वागत, बॅग मोठी आणा, आमच्याकडे पॅड बरे नाहीत.

वाटलं, प्रसादचा मेसेज मला आला. मग माझं नाव दिसलं.

९ सप्टें., शुक्रवार

प्रॅक्टिसला गेलो नाही. कुठल्या टीमच्या जाणार.

नाश्त्याला ऋचा: "बाबा, यू गॉट ट्रेडेड?" मराठी सगळं कळतं तिला, तोंडातून येत नाही. सुनंदा हसली. मी नाही हसलो.

शि.ला फोन केला.

"कीपर म्हणालास तू."

"मग तू कोण आहेस?"

"नाव घ्यायचं होतंस."

"घेतलं असतं तर हो म्हणाला असतास?" मग, "मागच्या सीझनला कॅच सुटत होते तुझे. कोणी बोललं नाही. मलाही बोलवेना."

सुटत होते, खरंय. उजवा गुडघा. पण ताप आला की एकमेकांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्यात आम्ही, आणि याला हे तोंडावर सांगवेना? फार लागलं मला.

इथे कंपनी बदलायची तर जुना मालक, म्हणजे स्पॉन्सर, रिलीजचं पत्र देता देत नाही. माझ्या मित्राने चहा पिता पिता दिलं.

१३ सप्टें., मंगळवार

मेल लिहायला बसलो. बाकीच्या टीम झाल्या भराभर. मग ही अदलाबदल. "मन्सूरा इलेव्हन, रोख नफा" लिहिलं. पुसलं. "वसई बॉईज" लिहिलं, पुढे सुचेना. चव्वेचाळीस वर्षांचा, गुडघा दुखरा, बोलतो फार. दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर दोन ओळींत मोडीत काढला असता त्याला. आणि तो वाचून हसत बसला असता, असं मी धरून चाललो असतो.

ऑफिसात दोघांनी विचारलं, मेल कधी? इन्शाल्ला म्हटलं.

१६ सप्टें., शुक्रवार

वसईकरांबरोबर पहिली मॅच. हे लोक सकाळी मिसा करून येतात, इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिसाही शुक्रवारी. त्यामुळे उन्हाचा स्लॉट कायम यांच्या वाट्याला. स्लॉट वाटायचो मीच, उन्हात उभा आज राहिलो. इस्त्रीच्या शर्टात येतात, गाडीच्या आडोशाला कपडे बदलतात, मॅचआधी पुन्हा एक छोटी प्रार्थना. मी काय करावं कळेना, टोपी काढून उभा राहिलो.

इनास म्हणाला, "भाऊ, आमचा कीपर कॅनडाला गेला तेव्हापासून बायमध्येच हरतो आम्ही. पोरं जोरात टाकतात, पण मागून सांगणारा कोण नाय."

मग सांगत राहिलो. पाय मागे घे, याला पुढे टाक, हा आडवा मारतो. पोरं ऐकतात. खरंच ऐकतात, तसंच टाकतात. आमच्याकडे, म्हणजे मन्सूऱ्यात, मी बोलायला लागलो की शि. म्हणायचा, रेडिओ बंद कर.

एक कॅच सुटला. इनासने लांबूनच हात केला, असू दे.

हरलो. नंतर त्याच्या बायकोने डब्यातून फुगे, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव, आणि चिकन वाढलं. घरी जायला उशीर केला मुद्दाम. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचाच राग येत होता.

२३ सप्टें., शुक्रवार

मन्सूरा इलेव्हनशी मॅच.

आधी आमची बॅटिंग. त्या डावखुऱ्याने माझी दांडी उडवली. अंदाज बरोबर होता माझा.

मग त्यांची. शि. टिकून खेळला, जिंकायला थोडेच हवे होते. माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. एक बॉल बाहेरून निघाला, त्याने बॅट घातली, आवाज आला, बॉल खाली राहिला. उजव्या गुडघ्यावर पडून घेतला मी. अपील केलं. एकट्यानेच केलं, इनास तर पाणी मागवत होता.

अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचेच असतात आमच्यात. प्रसाद उभा होता. त्याला दिसलं नसावं. सवयीने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं सगळे बघत आलेत, कारण मी लागला म्हटलं की लागलेला असतो, नाही म्हटलं की नसतो.

"विनूदादा?"

"लागला," म्हटलं.

प्रसादने बोट वर केलं. शि. निघाला. मागे बघितलं नाही. नंतरचे तीन टिकले नाहीत, आम्ही जिंकलो. पोरांनी मला उचललं. पाठ दुखली.

पार्किंगमध्ये शि. वाट बघत उभा. वाटलं, हात मिळवेल. म्हणाला, "बॅट मॅटला लागली होती, विन्या. बॉलला नाही." चिडून नाही. काळजीने विचारावं तसं.

मी म्हटलं, "मी ऐकलं."

"हो," म्हणाला, "ऐकलं असशील." गाडीत बसला.

२४ सप्टें., शनिवार

इनासचा फोन सकाळीच. पोरं खूश आहेत, पुढच्या वर्षी तुम्हाला कोणाला देणार नाही म्हणतो.

दुपारी प्रसादचा. मेल कधी येतेय? आणि मग सहज, "दादा, कालचं क्लीअर होतं ना?"

हो, म्हटलं. लगेच म्हटलं.

सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग करा की शिरीषभावजींना फोन." काय म्हणून करू? चुकलो म्हणून, की बरोबर होतो म्हणून? आवाज आला होता. काल शपथेवर सांगितलं असतं कशाचा होता ते. आज आठवून बघतो तर आवाजाच्या आधी माझं अपील ऐकू येतं.

मेल उघडली. वसई बॉईजपुढे लिहिलं: ज्याच्या शब्दावर अंपायर बोट वर करतो असा कीपर मिळाला. वाचलं. पुसलं नाही, पाठवलंही नाही.